बेगमपेठ, तारनाका, तुर्कपल्ली

बुधवार

लातूरहून रात्री निघालेली गाडी उदगीर, बीदर, विकाराबाद करत सकाळी हैदराबादेत शिरते. बहुतेक लातूरकर शेवटच्या स्टेशनापर्यंत डोळे मिटून बसतात. मी मात्र आधीच बेगमपेठला उतरलो, कारण तारीख होती २० ऑगस्ट. १८९७ साली याच तारखेला, याच भागातल्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला होता. हा विषय मी वर्गात इतकी वर्षं शिकवतोय आणि ती जागा आपल्यापासून एका रात्रीच्या अंतरावर आहे, हे डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

फिरण्याचं निमित्त वेगळंच होतं. मी जैवतंत्रज्ञान शिकवतो. दरवर्षी आमच्या कॉलेजातून एमएस्सी झालेली हुशार पोरं हैदराबादला जातात आणि दिवाळीपुरती परत येतात. आमच्याकडे या विषयाची पदवी मिळते, पगार तिकडे मिळतो. असं का, ते एकदा पायी फिरून बघावं, आणि जमलंच तर सप्टेंबरात वर्गाची सहल नेण्याची चाचपणीही करावी, असा बेत होता. बायकोने निघताना बजावलं, "श्रावण आहे, लक्षात ठेवा." म्हणजे हैदराबादेत राहून बिर्याणी नाही. या लेखात ती आढळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

रॉसची इमारत आता उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. पाऊस नुकताच थांबला होता आणि झाडांखालून जाताना टपटप चालू होती. रखवालदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मी मास्तर आहे म्हटल्यावर सोबत फिरला. त्याची आवडती गोष्ट हुसेन खानची. हा रॉसचा रुग्ण. डास चावून घ्यायचे त्याला पैसे मिळत, एका डासाला एक आणा. रखवालदार म्हणाला, "हम लोगां तो फुकट में कटवा लेरे, साब." दोघंही हसलो, आणि तेवढ्यात त्याच्याच दंडावर एक डास बसला.

या शोधासाठी रॉसला १९०२ साली नोबेल मिळालं. सिकंदराबादला काय मिळालं? एक इमारत आणि एक पाटी. शोध इथे लागला, पण त्याच्या मागे ना औषध उभं राहिलं, ना कारखाना. पुढे १९९७ साली याच शहरात शांता बायोटेक्निक्सने भारतात बनवलेली पहिली रिकॉम्बिनंट लस (म्हणजे विषाणूचं जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली), हेपटायटिस बीची, बाजारात आणली. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. मधल्या शंभर वर्षांत या गावात असं काय काय साचत गेलं, हाच प्रश्न घेऊन मी मेट्रोत बसलो.

(सोयीची गोष्ट अशी की बेगमपेठ, तारनाका, हबसीगुडा, एनजीआरआय ही सगळी स्टेशनं मेट्रोच्या निळ्या मार्गावरच आहेत आणि त्याचं दुसरं टोक रायदुर्गला. मुक्काम तारनाक्याच्या आसपास केलात तर पहिल्या दिवशी रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागत नाही.)

तारनाक्याला उतरलं की उत्तर रस्त्यावरच पसरलेलं दिसतं. एका अंगाला १९१८ सालचं उस्मानिया विद्यापीठ. जवळच राष्ट्रीय पोषण संस्था. तिथून पुढे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था, लोकांच्या तोंडी आयआयसीटी. अजून पुढे हबसीगुड्याकडे सीसीएमबी, म्हणजे पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, आणि त्याच्याही पुढे भूभौतिकीवाले, म्हणजे एनजीआरआय. हे सगळं पायी फिरता येईल एवढ्या टप्प्यात आहे. आयआयसीटीची मुळं १९४४ सालची, निजामाच्या हैदराबाद राज्याने काढलेल्या प्रयोगशाळेतली. तेव्हा लातूरही त्याच राज्यात होतं. माझ्या आजोबांचं मॅट्रिक उर्दूत झालेलं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि त्याच वर्षी ती प्रयोगशाळा सीएसआयआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेकडे, गेली. वाटणीत कोणाच्या वाट्याला काय आलं, याचा हिशेब मी रस्त्यावर उभा राहून उगाच करत बसलो.

पावसाने पुन्हा जोर धरला म्हणून इराणी हॉटेलात शिरलो. उस्मानिया बिस्किट चहात बुडवून किती सेकंद धरायचं, हे समोरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न विचारता दाखवलं. ओळख निघाली. ते आयडीपीएलमध्ये ऑपरेटर होते. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड ही १९६१ साली सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली सरकारी औषध कंपनी. ऋषिकेशला अँटिबायोटिक्सचा कारखाना, आणि हैदराबादला बाळानगर भागात रासायनिक औषधांचा.

"आता तिथे काय आहे?" मी विचारलं.

"झाडी," ते म्हणाले. "अन् सापां."

मग अर्धा तास ते औषधाची रसायनं शिजवणाऱ्या रिअ‍ॅक्टरबद्दल बोलत होते. काचेचं अस्तर असलेला रिअ‍ॅक्टर किती हळू तापवायचा, घाई केली की अस्तर कसं तडकतं, झडपेच्या आवाजावरून आतलं मिश्रण घट्ट झालंय हे कसं ओळखायचं. हात हवेत फिरवून ते झडप पिळून दाखवत होते. त्यांना हे रशियन माणसांकडून शिकलेल्या फोरमनने शिकवलं. पुढे आयडीपीएल खंगत गेली तेव्हा साहेब लोक बाहेर पडले, स्वतःच्या कंपन्या काढल्या आणि ओळखीचे ऑपरेटर, फिटर सोबत नेले. यांनाही नेलं. डॉ. रेड्डीजचे अंजी रेड्डी याच आयडीपीएलमधले. त्यांची पीएचडी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली, नोकरी इथली, आणि १९८४ साली स्वतःची कंपनी. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं आणि फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे नव्या पद्धतीने तेच औषध बनवू शकणाऱ्या माणसाला मोल आलं. अशी माणसं आयडीपीएलने आधीच घडवून ठेवली होती.

सरकारी कंपनी बुडाली की आपण तिचं नाव तोट्याच्या यादीत टाकतो. या गृहस्थांचे हात कोणत्या यादीत धरायचे?

दुपारनंतर सीसीएमबीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने आत जायला मिळालं. १९७७ साली पुष्प भार्गव यांच्या पुढाकाराने हे केंद्र सुरू झालं. आमच्या पोराने दाखवलेल्या गोष्टींत सूक्ष्मदर्शक बरेच होते, पण मला रस होता शांताच्या गोष्टीत. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. १९९३ साली त्यांनी आईच्या नावाने कंपनी काढली तेव्हा कारखाना सोडाच, प्रयोगशाळाही नव्हती. सुरुवातीचं संशोधन उस्मानिया विद्यापीठाच्या जागेत झालं, मग सीसीएमबीत. पैसा ओमानमधून आला, आणि केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने कर्ज दिलं. हे मंडळ १९९६ सालचं, म्हणजे तेही तेव्हा नवखंच. लसीचं प्रथिन पिकिया नावाच्या यीस्टमध्ये वाढवलं. आयात लसीच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा एवढ्या दरात ती विकली गेली आणि परदेशी कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले.

मी पोराला विचारलं, "एका खासगी कंपनीला सरकारी प्रयोगशाळेत जागा देताना कोणी हरकत घेतली नसेल?"

तो म्हणाला, "सर, घेतलीच असेल. पण तेव्हा नियमच नव्हते, मग मोडणार काय?"

यात निम्मी थट्टा होती. तरी मला वाटतं, उरलेलं निम्मं खरं असावं. आज त्याच संस्थेच्या नावाने अटल इनक्युबेशन सेंटर आहे, नव्या कंपन्यांना जागा आणि यंत्रं देणारं, अर्ज आहेत, भाडं आहे, करार आहेत. तेव्हा एक संचालक, एक हट्टी अभियंता आणि एक मोकळा कट्टा एवढंच होतं.

*शिक्षकांसाठी:* सीएसआयआरच्या प्रयोगशाळा स्थापना दिनाच्या सुमाराला, म्हणजे २६ सप्टेंबरच्या आसपास, सर्वांसाठी खुल्या असतात. वर्गाला न्यायचं तर तेव्हाच. एरवी कॉलेजच्या लेटरहेडवर महिनाभर आधी पत्र, सोबत यादी आणि ओळखपत्रं. पायात बंद बूट हवेत. चपला घातलेल्याला दारातच थांबवतात.

गुरुवार

जीनोम व्हॅली ऐकायला एका फाटकाची वसाहत वाटते. तसं काही नाही. शामीरपेठपासून पुढे करीमनगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावं, शेतं, तळी, आणि मधेमधे भिंती. भिंतीआड लसींच्या, एन्झाइमच्या, चाचण्यांच्या कंपन्या. मेट्रो इथवर येत नाही. सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकावरून आरटीसीची बस मिळते, पण शेवटचे तीन-चार किलोमीटर पायी किंवा लिफ्ट मागून. माझी भाची इथल्या एका लस कंपनीत गुणवत्ता नियंत्रणात आहे. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि स्कूटीवर दोन रेनकोट घेऊन फाट्यावर उभी होती.

"मामा, आधी वाईट बातमी. ऑडिट आलंय. आमच्याकडची तुमची भेट रद्द."

महिनाभर मेल चालू होते, पत्र होतं, मंजुरी होती. पण परदेशी तपासनीस दारात आले की कंपनीला लातूरचे सर दिसत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तसंही निर्जंतुक भागात मला कोणी नेलं नसतंच. भाचीने रस्त्याकडेला उभं राहूनच सांगितलं तिथे कसं जातात ते: घड्याळ, अंगठी, कुंकूसुद्धा काढायचं, एकावर एक खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळा अंगरखा, आणि आत गेल्यावर हालचाल सावकाश, कारण झटकन हात हलवला तरी अंगावरचे कण हवेत जातात. "पहिल्या महिन्यात मी घरीसुद्धा स्लो मोशनमध्ये चालत होते," ती म्हणाली.

मग मोर्चा वळवला आयकेपी नॉलेज पार्ककडे. १९९९ सालचं हे. आयसीआयसीआय बँकेने पुढाकार घेतला, तेव्हाच्या आंध्र सरकारने तुर्कपल्लीजवळ २०० एकर जमीन दिली आणि मूळ नाव पडलं आयसीआयसीआय नॉलेज पार्क. बँकेने संशोधनाच्या पार्कात पडावं, ही कल्पना तेव्हा कोणाला सुचली असेल कोण जाणे. पण त्यांनी केलेलं काम अगदी घरमालकाचं होतं. इमारती बांधल्या त्या प्रयोगशाळेच्या मापाने: जमिनीवर वजन पेलेल असा स्लॅब, छताशी हवेच्या नळांना जागा, वीज गेली तरी चालू राहणारं जनित्र, रसायनयुक्त सांडपाण्याची वेगळी वाट, ज्वालाग्राही द्रावणांसाठी लांब एका कोपऱ्यात कोठार. लहान कंपनीने आपली यंत्रं आणायची आणि कामाला लागायचं.

तिथे एक तरुण भेटला, एन्झाइम बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा. अमेरिकेतून परतलेला, तेलुगू. केस अस्ताव्यस्त, टेबलावर गार झालेला चहा. मी त्याला सरळच विचारलं, हीच खोली मी लातूरला बांधून दिली तर येशील का? तो हसला नाही. उठला आणि एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या, यंत्राजवळ घेऊन गेला.

"याच्या पंपाचं एक सील असतं. ते झिजलं की दाब घसरतो आणि सगळे निकाल वाया. मी फोन केला की इंजिनिअर दुपारपर्यंत येतो, कारण या रस्त्यावर त्याची पन्नास यंत्रं आहेत. तुमच्याकडे किती दिवसांनी येईल?"

आमच्या कॉलेजातलं यंत्र पावसाळ्याआधी बंद पडलंय. इंजिनिअर पुण्याहून यायचाय. मी विषय बदलला.

पण त्यानेच तो पुढे चालवला. सुक्या बर्फाचा पुरवठादार, उणे ऐंशीचा फ्रीझर दुरुस्त करणारा, फाइल कशी लावायची ते जाणणारा नियामक सल्लागार, प्राण्यांवरच्या चाचण्यांची सोय (आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं, राष्ट्रीय प्राणी संसाधन केंद्र याच पट्ट्यात आहे), आणि एखादा माणूस नोकरी सोडून गेला तर त्याच कामाचा दुसरा माणूस त्याच रस्त्यावर. यातलं काहीही एकट्या कंपनीला परवडत नाही. पन्नास कंपन्या आल्या की हे लोक येतात, आणि हे लोक असले तरच पन्नास कंपन्या येतात. मग पहिली कंपनी आली कशी?

त्याचं उत्तर त्याने खिडकीबाहेर बोट करून दिलं. भारत बायोटेक. कृष्णा एल्ला आणि सुचित्रा एल्ला यांनी १९९६ साली सुरू केलेली. उजाड माळावर कोणी तरी आधी येऊन बसावं लागतं, आणि तो बसला तर रस्ता, पाणी, वीज वेळेवर देण्याचा शब्द सरकारला पाळावा लागतो. १९९९ साली जीनोम व्हॅलीची घोषणा झाली. सरकारं बदलली, २०१४ साली राज्याचेच दोन तुकडे झाले, तरी हा पट्टा कोणी मोडीत काढला नाही. मला सगळ्यात नवल याचं वाटलं. आपल्याकडे नव्या पालकमंत्र्याचं पहिलं काम म्हणजे जुन्याच्या कोनशिलेला बगल देणं.

वाटेत एका सरकारी फलकावर जगातल्या एक तृतीयांश लसी इथे बनतात असं लिहिलेलं वाचलं. मोजणार कोण आणि डोसांत मोजायचं की रुपयांत? आकडा बाजूला ठेवला तरी रोटाव्हॅकची, म्हणजे बाळांच्या रोटाव्हायरस जुलाबावरच्या लसीची, गोष्ट मला पुरेशी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांमध्ये सापडलेला एक सौम्य विषाणू, महाराजकृष्ण भान यांचा त्यावरचा अनेक वर्षांचा ध्यास, केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी विद्यापीठं आणि संस्था, आणि बनवणारी कंपनी या रस्त्यावरची. ६,७९९ बाळांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली: दिल्ली, वेल्लोर आणि आपलं पुणे. २०१५ साली लस आली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात. सरकार म्हणजे जमीन आणि सवलत देणारं एवढंच आपल्या डोक्यात असतं. इथे ते सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. दरवर्षी कोट्यवधी डोस कोणी तरी घेणार हे पक्कं असल्याशिवाय स्वस्त लसीचा कारखाना कोण घालेल?

दुपारी जेवलो ते भाचीच्या मैत्रिणींच्या खोलीवर. एक उदगीरची, एक देगलूरची, एक करीमनगरची. जेवायला जोन्ना रोट्टे, म्हणजे चक्क आपली ज्वारीची भाकरी, सोबत अंबाडीची पप्पू, म्हणजे डाळ, आणि गोंगुऱ्याचं लोणचं. करीमनगरच्या मुलीने सर्वपिंडी केली होती: तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, मिरची, सगळं मळून खोलगट भांड्याला आतून थापायचं आणि झाकून मंद आचेवर ठेवायचं. कडेने खरपूस, मधे मऊ. उदगीरची मुलगी म्हणाली, "सर, आम्हाला इथे येऊन दोन महिने शिकवावं लागलं. पिपेट धरता येत होतं, पण लिहिता येत नव्हतं." म्हणजे काय? म्हणजे केलेलं प्रत्येक काम त्याच क्षणी, शाईने, खाडाखोड न करता नोंदवणं. चूक झालीच तर एक रेघ, सही, तारीख. लस कंपनीत न लिहिलेलं काम झालेलंच नसतं. आमच्याकडे जर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री लिहून काढतात, आणि मी त्यावर सह्या करतो. पुढच्या सत्रापासून प्रात्यक्षिकाच्या वह्या वर्गाबाहेर जाणार नाहीत, एवढं मी भाकरी मोडतामोडताच ठरवलं.

निघताना फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्या बाईंची जमीन कधीच विकली गेली होती, आणि पैसा दोन दिरांच्या घरांत आणि एका लग्नात संपला. भाची तेलुगूतून विचारत होती आणि मला सांगत होती. मुलगा कुठे आहे? एका कंपनीत, सिक्युरिटीला, कंत्राटावर. आत काय बनतं ठाऊक आहे का? "मंदु," त्या म्हणाल्या. औषध. मग जरा थांबून अजून काही तरी बोलल्या. भाचीने सांगितलं: "म्हणतायत, मुलगी बारावी सायन्सला आहे, तिला आत काम मिळेल का विचारा तुमच्या सरांना." मी सर आहे हे खरं, पण त्या भिंतींच्या आत माझं काय चालणार? कोणता कोर्स, कोणतं कॉलेज, एवढं कागदावर लिहून दिलं. जवळच बिट्स या अभियांत्रिकीच्या संस्थेचा भव्य परिसर आहे, पण या मुलीला लागेल तो डिप्लोमा, आणि तो कुठे मिळतो हे कागदावर लिहिताना मलाही फोन करून विचारावं लागलं.

*या दिवसासाठी:* फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बहुतेक भिंतींच्या आत तर नाहीच. भेट ठरवताना एकाच कंपनीवर विसंबू नका, ऑडिट कधीही येतं. पावसात शामीरपेठचं तळं भरलेलं असेल तर बस सोडून पंधरा मिनिटं थांबा.

शुक्रवार

सकाळी पेसरट्टू. मुगाचा डोसा, आत उपमा, सोबत आल्याची चटणी अशी की झोप एका घासात उडते. मग मेट्रोने दुसऱ्या टोकाला रायदुर्ग आणि तिथून रिक्षाने गच्चीबावलीला, हैदराबाद विद्यापीठात. १९७४ सालचं केंद्रीय विद्यापीठ, परिसर एवढा मोठा की दगडांच्या राशी आणि मोर फुकटात बघायला मिळतात. जीवशास्त्राच्या विभागांजवळ बायोनेस्ट नावाचं इनक्युबेटर आहे, केंद्राच्या बायरॅक या संस्थेच्या पैशातून उभं राहिलेलं. बायरॅक २०१२ सालची. नव्या कल्पनेला ती ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी अनुदान देते. ज्याला 'बिग' म्हणतात ते हेच. कर्ज नव्हे, अनुदान. आणि ते चाचणीपुरतं, कारखान्यापुरतं नाही.

तिथल्या व्यवस्थापक बाई मोकळेपणाने बोलल्या. मला वाटलं होतं त्या पैशाची रड सांगतील. त्यांनी सांगितल्या त्या वेगळ्याच गोष्टी. प्राध्यापकाने कंपनी काढली तर संध्याकाळी सहानंतर त्याने विद्यापीठाचं यंत्र वापरलं ते कोणत्या खात्यात? पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या हातून शोध लागला तर पेटंटवर नाव कोणाचं, आणि प्रबंध छापायचा की पेटंट होईपर्यंत थांबायचं? स्टार्टअपने एकदाच लागणारं यंत्र विकत घ्यावं की विभागाचं तासाने भाड्याने मागावं, आणि ते भाडं विद्यापीठाच्या कोणत्या शीर्षाखाली जमा व्हावं? "एमओयू, सामंजस्य करार, एका दुपारी होतो," त्या म्हणाल्या. "हे शीर्ष उघडायला वर्ष जातं."

आमच्या भागातल्या एका संस्थेच्या स्वागतकक्षात मी काचेत मढवलेले करार मोजायला लागलो होतो, तेव्हा शिपायाने चहा आणला आणि मोजणी राहिली. त्यातल्या एकाचाही तासाचा दर मला कोणी सांगू शकलं नव्हतं.

मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे जालना आहे की." बरोबर होतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची सुरुवात केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. बीटी कापूस भारतात आला तो २००२ साली, त्याच कंपनीच्या मार्गाने. म्हणजे मराठवाड्यात उद्योग आधी आला. ज्या रस्त्यावरून मी बुधवारी चालत गेलो, तसा रस्ता मात्र त्याच्या शेजारी झाला नाही. राज्याचं जैवतंत्रज्ञान धोरणही २००१ सालचं आहे, आंध्रच्या बरोबरीचं. कागदात आपण मागे नव्हतो.

गच्चीबावलीतच इंडियन इम्युनॉलॉजिकल्सचा कारखाना. १९८२ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने काढला, कारण धवलक्रांतीत संकरित गाई आल्या आणि लाळ्या-खुरकूत त्यांना जास्त झोडपू लागला. लस बाहेरून आणून पुरणार नव्हती. आत जायची परवानगी नव्हती. फाटकासमोरून रिक्षा हळू न्यायला सांगितली, इतकंच. त्या दिवशी पोळा होता, म्हणून बघावंसं वाटलं.

परतीला रेल्वेऐवजी पटानचेरूहून लातूरची एसटी धरली. वाटेतला हा भाग न सांगता जाता येणार नाही. याच पटानचेरूत इक्रिसॅटसारखी ज्वारी-बाजरी-तुरीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आणि इथलीच औषधी कारखान्यांची वसाहत नद्या-नाल्यांच्या प्रदूषणासाठी वर्षानुवर्षं कोर्टात गाजली. २००७ साली स्वीडनच्या संशोधकांनी इथल्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक मोजलं: लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. आयडीपीएलच्या आजोबांनी शिकलेल्या कौशल्याचीच ही दुसरी बाजू. तुर्कपल्लीत सांडपाण्याच्या वेगळ्या वाटेचं कौतुक मला त्या दिवशी घरमालकाच्या टापटिपीसारखं वाटलं होतं. पटानचेरूच्या नाल्यावरून बस गेली तेव्हा ते कशासाठी ते कळलं.

महामार्गावर गणपतींच्या गाड्यांमुळे बस मुंगीच्या पावलाने चालली होती. धूलपेठच्या मूर्ती ताडपत्रीत गुंडाळून पश्चिमेकडे निघालेल्या. जहीराबादला माझ्या शेजारी एक पशुधन पर्यवेक्षक येऊन बसले, उमरग्याकडचे, पोळ्याला घरी निघालेले. मी लसीचा विषय काढला आणि ते सुटलेच. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत लाळ्या-खुरकुताची लस फुकट आहे, कानात बारा आकडी बिल्ला मारायचा आणि टोचायचं. पण पोळ्याच्या तोंडावर कोणी बैलाला हात लावू देत नाही, आणि म्हशीला टोचलं की चार दिवस दूध कमी येतं म्हणून मालक भांडतो.

"आणि लस थंड ठेवायची तर दोन ते आठ अंश. गोठलीही नाही पाहिजे," ते म्हणाले. "लस येते हैदराबादहून, गाडीत, मीटर लावून. तालुक्याला फ्रीज आहे. तिथून पुढे वाडीवर मी नेतो, डिकीत डबा, आणि बर्फ मासळीवाल्याकडचा. बर्फाला लस चिकटली तर गोठते, म्हणून मधे पेपर घालतो. कोणता पेपर ते विचारू नका."

पेपर कोणता ते विचारलं नाही, पण बाकी सगळं विचारलं: डबा केवढा, दिवसभरात किती वेळा उघडतो, उन्हाळ्यात बर्फ किती तास टिकतो. त्यांनी तिकिटाच्या मागे डब्याचं चित्र काढून दिलं, बाजूला इंचांत माप. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पाचा विषय यंदा शोधावा लागणार नाही.

उमरग्याला पोहोचलो तेव्हा मिरवणूक रस्त्यावर आली होती. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड, पुढे हलगी. बस अर्धा तास जागेवर उभी. ते उतरले, पुन्हा दारापाशी आले आणि खिडकीतून नंबर दिला. सप्टेंबरात मुलांची बस हैदराबादला निघेल तेव्हा उमरग्याला थांबून त्यांनाही घ्यायचं ठरलंय. रजा मिळाली तर येतो म्हणाले. लसीकरणाची फेरी तेव्हाच लागली, तर मग मुलांनाच एक दिवस त्यांच्याबरोबर वाडीवर पाठवीन.